नोटा तपासणाऱ्या जांभळ्या दिव्यापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत: अतिनील प्रकाश ओळखणारी नायट्राइडची नॅनोभुकटी कशी बनते?

दुकानदार पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो. कागदात लपलेले बारीक धागे चमकतात, नंबरची शाई उजळते आणि नोट खरी असल्याची खात्री पटते. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये एक नळी निळसर उजेड देत असते आणि त्यातून जाणारं पाणी जंतुमुक्त होतं. ही दोन्ही कामं करतो तो अतिनील प्रकाश, म्हणजे बोलीभाषेतला 'यूव्ही'.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मग तो तयार करायचा कसा आणि तो आला की नाही हे ओळखायचं कसं? याचं एक उत्तर धातू आणि नायट्रोजनच्या संयुगांमध्ये दडलंय. या संयुगांना नायट्राइड म्हणतात. गॅलियम नायट्राइड आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. त्यांचे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट लहान कण बनवण्यासाठी जगभरात बरीच खटपट चालू आहे.

हे कण नेमके बनतात कसे, ते अतिनील प्रकाशालाच का दाद देतात आणि त्याचा आपल्याशी काय संबंध? समजून घेऊ.

आधी अतिनील म्हणजे काय?

माणसाच्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० च्या खाली गेलं की अतिनील प्रकाश सुरू होतो. त्याचे तीन भाग पाडतात.

३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए. त्वचा रापवणारा आणि नोटा तपासणारा प्रकाश हाच. २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी. उन्हात त्वचा भाजते ती मुख्यतः याच्यामुळे आणि शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं तेही याच्यामुळेच. २८० च्या खालचा यूव्ही-सी सगळ्यात जहाल. सूर्यातून तो निघतो, पण वातावरणातला ऑक्सिजन आणि ओझोनचा थर त्याला वरच अडवतो. जमिनीपर्यंत तो पोहोचत नाही.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

नायट्राइडला नेमका हाच प्रकाश का कळतो?

गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक आहे, म्हणजे मोबाइलच्या चिपमधल्या सिलिकॉनच्या जातकुळीतला. अशा पदार्थात इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात. ते सुटे झाले तरच वीज वाहते. बांधलेली अवस्था आणि सुटी अवस्था यांच्यामध्ये ऊर्जेची एक दरी असते. तिला बँड गॅप म्हणतात.

ही दरी म्हणजे एखादा ओढा आहे असं समजा. तो एकाच उडीत ओलांडायचा आहे. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, इलेक्ट्रॉनला एका उडीपुरती ताकद देतो. लाल किंवा हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनची ताकद इथे तोकडी पडते. त्यांची संख्या कितीही वाढवली तरी उपयोग नाही. दहा जणांनी एकेक फूट उडी मारली म्हणून दहा फुटांचा ओढा कुणी ओलांडत नाही. अतिनील प्रकाशाच्या फोटॉनमध्ये मात्र तेवढी ताकद असते.

ही दरी किती रुंद आहे यावरून कोणता प्रकाश लागेल हे काढता येतं. त्याचं गणित अगदी साधं आहे. १२४० या आकड्याला दरीच्या रुंदीने, म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या आकड्याने भागायचं. उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. गॅलियम नायट्राइडची दरी सुमारे ३.४ आहे. १२४० भागिले ३.४ म्हणजे साधारण ३६५ नॅनोमीटर. हा झाला यूव्ही-ए. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची दरी ६ च्या आसपास आहे, त्यामुळे उत्तर येतं २०५ ते २१०. हा थेट यूव्ही-सी.

दोन्ही धातू कमीजास्त प्रमाणात मिसळले तर मधली हवी ती तरंगलांबी मिळवता येते. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावावं, तसंच.

पण सगळीच नायट्राइड अशी नसतात. ड्रिल मशीनच्या पात्यांवर सोनेरी लेप दिसतो, तो टायटॅनियम नायट्राइडचा. त्यात इलेक्ट्रॉन आधीपासूनच सुटे असतात, त्यामुळे ते धातूसारखं वागतं. त्याचे नॅनोकण दृश्य आणि त्यालगतच्या अवरक्त प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे नावात नायट्राइड आहे एवढ्यावरून अतिनीलचा संबंध जोडता येत नाही.

मग नॅनोकणच कशाला?

यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आकाराचं. बासरी जितकी आखूड, तितका तिचा स्वर उंच. नॅनोकणाचंही काहीसं तसंच आहे. गॅलियम नायट्राइडचा कण तीन-चार नॅनोमीटरपर्यंत लहान केला की आतल्या इलेक्ट्रॉनला हालचालीला जागा पुरत नाही आणि ऊर्जेची दरी रुंदावते. म्हणजे रसायन तेच ठेवून फक्त आकार बदलला तरी कण अधिक तीव्र अतिनीलकडे सरकतो. या आकाराच्या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. ते शोधण्यासाठी आणि तयार करण्यासाठी २०२३ मध्ये तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरं कारण पृष्ठभागाचं. पाच नॅनोमीटरच्या कणात, ढोबळ हिशेबाने, दर तीन अणूंपैकी जवळपास एक अणू पृष्ठभागावर असतो. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन चटकन पृष्ठभागावर येतो आणि तिथे एखादी रासायनिक क्रिया घडवू शकतो. शिवाय अशी भुकटी द्रवात मिसळून तिची शाई करता येते आणि काचेवर किंवा प्लास्टिकवर तिचा थर देता येतो. महागड्या स्फटिकाची गरज उरत नाही.

बनवायला इतकं अवघड का?

खरी अडचण नायट्रोजनची आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो कुणाशी सहज संयोग पावत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडणं रसायनशास्त्रातल्या कठीण कामांपैकी एक आहे. म्हणून बहुतेक पद्धतींमध्ये नायट्रोजनऐवजी अमोनिया वापरतात. बर्फाच्या कारखान्यात येणारा तो उग्र वासाचा वायू. त्यातला नायट्रोजन तुलनेने सहज सुटतो.

गॅलियम मात्र सौम्य धातू आहे. तो २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो. हातावर ठेवला तर तळव्याच्या उबेने त्याचं पाणी होतं. नागपूरच्या मे महिन्यात तर तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या वितळेल. त्याची भविष्यवाणी मेंडेलीव्हने १८७१ मध्ये केली होती आणि १८७५ मध्ये फ्रान्समध्ये तो सापडला.

असा मऊ धातू नायट्रोजनशी जोडला की मात्र अत्यंत टणक पदार्थ तयार होतो. सिलिकॉनसारखं ते वितळवून त्याचा स्फटिक ओढता येत नाही, कारण नेहमीच्या दाबाखाली तापवलं तर वितळण्याआधीच ते विघटित होतं.

१९३२ मध्ये जॉन्सन, पार्सन्स आणि क्रू या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी तापलेल्या गॅलियमवरून अमोनिया सोडून गॅलियम नायट्राइड बनवलं. आजही मूळ कल्पना तीच आहे.

भुकटी बनवण्याच्या चार वाटा

पहिली: भट्टी आणि अमोनिया. गॅलियम ऑक्साइडची पांढरी भुकटी सिरॅमिकच्या छोट्या होडीसारख्या भांड्यात घेतात आणि क्वार्ट्झच्या नळीत सरकवतात. नळी ९०० ते १००० अंशांपर्यंत तापवून आतून अमोनिया सोडतात. ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन निघून जातो आणि त्याची जागा नायट्रोजन घेतो. हिशेब मांडला तर १०० ग्रॅम ऑक्साइडपासून जास्तीत जास्त ८९ ग्रॅम नायट्राइड मिळतं. भुकटीचं वजन त्याहून बरंच जास्त भरलं तर ऑक्सिजन पूर्ण गेला नाही, हे लगेच कळतं.

ही पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, पण एवढ्या उष्णतेत बारीक कण एकमेकांना चिकटतात. साबुदाण्याच्या खिचडीसारखं. वाफ जास्त झाली की दाणे सुटे राहत नाहीत, गोळा होतो. खिचडीत दाण्याचं कूट घातलं की साबुदाणा सुटा राहतो, तसाच उपाय इथेही करतात. कणांच्या मध्ये वाळूसारखी सिलिका किंवा मीठ घालतात. काम झालं की सिलिका रसायनाने विरघळवतात आणि मीठ पाण्याने धुऊन टाकतात.

दुसरी: बंद भांड्यातलं द्रावण. १९९६ मध्ये चीनमधल्या यी शिए आणि यिताई छियान यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात एक पद्धत मांडली. गॅलियम क्लोराइड आणि लिथियम नायट्राइड हे दोन पदार्थ त्यांनी बेंझिनमध्ये बंद भांड्यात २८० अंशांवर तापवले. दोघांनी जोडीदार बदलले. गॅलियमला नायट्रोजन मिळाला, लिथियमला क्लोरीन. त्यातून सरासरी ३२ नॅनोमीटरचे कण मिळाले, तेही भट्टीपेक्षा शेकडो अंश कमी तापमानात.

पुढे अमेरिकेतल्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीने उकळबिंदू जास्त असलेल्या द्रवात सुमारे ३६० अंशांवर गॅलियम-नायट्रोजनचं एक संयुग हळूहळू विघटित करून तीन नॅनोमीटरच्या आसपासचे कण बनवले. या कणांमध्ये ती दरी रुंदावल्याचं मोजमापातून दिसलं.

तिसरी: प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्ये वायू विजेने पेटतो, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. अशा प्लाझ्मात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावतात आणि नायट्रोजनचा हट्टी बंधही तोडतात, तरीही वायू एकूण फारसा तापत नाही. दुसरा फायदा असा की प्लाझ्मातल्या कणांवर ऋण विद्युतभार जमतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे गोळे होत नाहीत.

चौथी: लेझर. गॅलियम नायट्राइडचा तुकडा किंवा गॅलियम धातू द्रवात ठेवून त्यावर लेझरचे झटके देतात. पृष्ठभागावरचा पदार्थ क्षणात उडतो आणि थंड होताना त्याचे नॅनोकण बनतात. यात रसायनं कमी लागतात, पण एका वेळी माल फारच थोडा मिळतो.

थोडक्यात, जिथे माल भरपूर मिळतो तिथे कणांचा आकार हाताबाहेर जातो आणि जिथे आकार हवा तसा मिळतो तिथे माल थोडा. या क्षेत्रातली मुख्य कोंडी हीच आहे.

कण बरोबर बनलाय हे कसं कळतं?

पहिली चाचणी क्ष-किरणांची. त्यातून अणूंची रचना कळते आणि आकाराचाही अंदाज येतो. कण जितके लहान, तितक्या आलेखातल्या रेषा पसरट होतात. दुसरी चाचणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. त्यात कण प्रत्यक्ष दिसतात.

तिसरी चाचणी प्रकाशाची. कणांमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. ३६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश अचानक शोषला जाऊ लागला तर ते गॅलियम नायट्राइडचं लक्षण.

शेवटी भुकटीचा पातळ थर देऊन त्याला दोन तारा जोडतात आणि दिवा लावतात. अतिनील प्रकाश पडल्यावर वीज वाढली आणि दिवा बंद केल्यावर उतरली, तर सेन्सर चालला. इथेही एक मेख आहे. गॅलियम नायट्राइडमध्ये दिवा बंद झाल्यावरही वीज बराच वेळ रेंगाळते. पृष्ठभागावरचे आणि रचनेतले दोष इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवतात आणि सावकाश सोडतात. कण जितका लहान, तितका पृष्ठभाग जास्त आणि अडकायच्या जागाही जास्त. ज्या पृष्ठभागाचा फायदा होतो, तोच अशा वेळी नडतो.

अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची आणखी एक तक्रार आहे. त्याची बारीक भुकटी दमट हवेत टिकत नाही. पाण्याशी संयोग होऊन ती हळूहळू अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडमध्ये बदलते आणि अमोनिया बाहेर पडतो. मुंबईच्या पावसाळ्यात ती उघड्यावर ठेवणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. म्हणून अशा कणांवर संरक्षक थर चढवतात.

याचा उपयोग काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आज बाजारात असलेले अतिनील एलईडी या भुकटीपासून बनत नाहीत. त्यासाठी नायट्राइडचे अत्यंत शुद्ध पातळ थर एकावर एक वाढवतात. याच तंत्रातून निळा एलईडी आला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातला पांढरा एलईडी बल्ब ही त्याचीच देणगी.

भुकटीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होऊ शकतो.

एक म्हणजे सेन्सर. यूव्ही-सी उन्हातून जमिनीवर येत नाही, हे वर आलंच आहे. म्हणजे फक्त यूव्ही-सी ओळखणारा सेन्सर भर दुपारीही उन्हाने फसत नाही. त्याने काही टिपलं, तर ती ज्वाला असेल, ठिणगी असेल किंवा उच्चदाबाच्या वीजवाहिनीवरची गळती असेल. हायड्रोजनची ज्वाला दिवसा डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, पण तिच्यातून अतिनील प्रकाश निघतो. हायड्रोजनवर चालणारी वाहनं आणि कारखाने वाढले तर असे सेन्सर स्वस्त असणं हा थेट जिवाचा प्रश्न ठरेल.

दुसरा उपयोग पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याचा. नुसतं गॅलियम नायट्राइड यासाठी पुरत नाही, कारण जमिनीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम पाच टक्के असतो. टोकियो विद्यापीठातल्या काझुनारी डोमेन यांच्या गटाने २००५-०६ मध्ये त्यात झिंक ऑक्साइड मिसळलं. भट्टी आणि अमोनियाच्या पद्धतीनेच पिवळी भुकटी तयार झाली आणि ती दृश्य प्रकाशातही पाण्याचं विघटन करू लागली. प्रयोगशाळेत हे जमलं असलं, तरी मोठ्या प्रमाणावर परवडेल एवढी कार्यक्षमता अजून गाठायची आहे.

पाण्याच्या फिल्टरशी काय संबंध?

घरगुती फिल्टरमधला दिवा बहुतेक वेळा पाऱ्याचा असतो. पाऱ्याची वाफ २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते. जंतूंचा डीएनए २६० ते २६५ च्या आसपास सगळ्यात जास्त अतिनील शोषतो. त्यामुळे हा प्रकाश जवळजवळ नेमका निशाण्यावर बसतो. जंतू पुनरुत्पादन करू शकत नाही.

अडचण पाऱ्याची आहे. दिवा बदलला की जुना बऱ्याचदा घरच्या कचऱ्यात जातो, फुटतो आणि पारा माती-पाण्यात मिसळतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार झाला. तो २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली.

नायट्राइडच्या एलईडीत पारा नसतो आणि बटण दाबताच तो पूर्ण क्षमतेने सुरू होतो. पण पाऱ्याचा चांगला दिवा घेतलेल्या विजेपैकी साधारण तीस टक्के वीज यूव्ही-सीमध्ये बदलतो, तर यूव्ही-सी एलईडी बहुतांशी दहा टक्क्यांच्याही आत अडकलेत. शिवाय ते महाग आहेत. म्हणून पाऱ्याचा दिवा अजून तग धरून आहे.

गॅलियम येतं कुठून?

गॅलियमची स्वतंत्र खाण सहसा नसते. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना बनवताना ते जोडउत्पादन म्हणून मिळतं, तेही अत्यल्प. जगातलं प्राथमिक गॅलियम जवळजवळ सगळं चीनमध्ये तयार होतं. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थांबवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी तात्पुरती स्थगित केली. भारताने २०२३ मध्ये ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, त्यातही गॅलियम आहे.

बॉक्साइट आपल्याकडे, कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. पण खनिज असणं आणि त्यातून शुद्ध गॅलियम वेगळं काढणं यात मोठं अंतर आहे. नायट्राइडचं तंत्रज्ञान उद्या कुणाच्या हातात असेल, हे ठरताना प्रयोगशाळेतल्या भट्टीइतकंच हे अंतरही महत्त्वाचं ठरेल.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

'नॅनो' किंवा 'यूव्ही' असा शिक्का असलेली वस्तू घेताना तरंगलांबी किती, हा पहिला प्रश्न विचारा. ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा दिवा नोटा तपासायला चालतो, पण पाणी जंतुमुक्त करायला तो यूव्ही-सी दिव्याची जागा घेऊ शकत नाही. २५४ ते २८० च्या दरम्यानचा दिवा जंतू मारतो, पण तोच डोळ्यांना आणि त्वचेलाही इजा करतो. हात किंवा त्वचा निर्जंतुक करण्यासाठी यूव्ही दिवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाकाळात बजावलं होतं. जांभळा उजेड दिसतोय म्हणून दिवा काम करतोय, असंही समजू नका. खरा यूव्ही-सी डोळ्यांना दिसतच नाही.

आणि फिल्टरचा दिवा बदलाल तेव्हा जुनी नळी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचरा किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. पारा नसलेला दिवा स्वस्त होईपर्यंत एवढं तर आपल्या हातात आहे.